‘खिडकी उघडी ठेवा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘खिडकी उघडी ठेवा, मग काही होत नाही.’ पनवेलमध्ये गॅस गिझर बसवून देणारा माणूस पाने-पक्कड पिशवीत भरता भरता हे वाक्य हमखास सांगतो. दुकानदार तेच सांगतो, शेजारी तेच सांगतात. थंडीत कुठे बाथरूममध्ये माणूस दगावल्याची बातमी आली की तिच्याखालीही हाच सल्ला छापलेला असतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो देणं आता थांबलं पाहिजे. गिझर बाथरूममध्येच असणार हे तो आधीच मान्य करून टाकतो, आणि मग जीव वाचवण्याचं काम अंगाला साबण लावून उभ्या असलेल्या माणसावर सोपवतो. गॅस गिझरची जागा बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत आहे. बाथरूम मोठं असलं तरी, खिडकी असली तरी आणि एक्झॉस्ट पंखा असला तरीही.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी अंघोळीला गेली आणि बेशुद्धावस्थेत सापडली. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला होळी खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत आढळलं, तेव्हाही संशय गॅस गिझरवरच गेला. या दोन्ही बातम्या पनवेलच्या घराघरांत वाचल्या गेल्या. आपण हळहळलो आणि म्हणालो, ‘खिडकी बंद असेल.’ म्हणजे चूक मेलेल्यांची ठरली. गिझर तिथे बसवणाऱ्याला, तो तिथे बसवू देणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

आता हिशेब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गिझर घ्या. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी डिसेंबरातही फार गार नसतं, ते २० अंशांनी तापवलं तरी पुरतं. त्यासाठी मिनिटाला १२० किलोकॅलरी उष्णता पाण्यात जायला हवी. एलपीजीच्या एका किलोतून साधारण ११,००० किलोकॅलरी मिळतात. थोडी उष्णता वाया जाते ती धरली तर मिनिटाला सुमारे १३ ग्रॅम गॅस जळतो. एक ग्रॅम एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ लिटर हवा लागते. म्हणजे हा गिझर दर मिनिटाला दीडशेहून जास्त लिटर हवा वापरतो. चार फूट बाय पाच फूट बाथरूम, उंची आठ फूट, यात एकूण हवा साडेचार हजार लिटर. दार-खिडकी बंद असेल तर चार मिनिटांत तिथला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येतो. दहा मिनिटांत तिथल्या हवेचा एकतृतीयांश भाग वापरून झालेला असतो. केस धुवायला किती वेळ लागतो, हे घरातल्या बायकांना विचारा.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला जेमतेम पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. गिझर तीस लिटरांहून जास्त वापरतो. त्या वीस चौरस फुटांत तुमच्याबरोबर आणखी शंभर माणसं श्वास घेत उभी आहेत, एवढा त्याचा वाटा.

ऑक्सिजन कमी झाला की ज्योत विझत नाही. ती जळत राहते, पण अर्धवट, आणि अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ‘वास येईल ना, गॅस गळला तर कळेलच की,’ असं जे म्हणतात त्यांना उत्तर इथे आहे. सिलिंडरमधल्या गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. ते गळती ओळखण्यासाठी. गॅस जळतो तेव्हा तेही जळून जातं. मागे उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग पाय लुळे पडतात. कडी दोन हातांवर दिसत असते आणि तिथवर पोहोचता येत नाही. यातून वाचलेली कित्येक माणसं नेमकं हेच सांगतात.

आपल्याकडे ही गोष्ट डॉक्टरांना नवी नाही. गॅस गिझर चालू असताना बाथरूममध्ये फीट येऊन पडलेले रुग्ण भारतीय मज्जातंतुतज्ज्ञांना इतके भेटले की त्यांच्या नियतकालिकांत ‘गॅस गिझर सिंड्रोम’ हे नावच रूढ झालं. त्यातल्या काहींवर आधी मिरगीचे उपचार सुरू झाले होते. घरात एखाद्याला फीट फक्त अंघोळीच्या वेळीच येत असेल, तर गोळी बदलण्याआधी गिझर बघा.

आता पुन्हा खिडकीकडे. ती उघडी ठेवली तर काय बिघडतं, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तर पनवेलच्या घरांतच आहे. सिडकोच्या वसाहतींत, कामोठ्या-कळंबोलीत, नवीन पनवेलमध्ये, खांदा कॉलनीत बाथरूमला बहुतेक वेळा काचेच्या पट्ट्यांची झडप असते, दीड-दोन फुटांची. ती उघडते डक्टमध्ये. त्या डक्टमध्ये चार-सहा मजल्यांची बाथरूमं, सांडपाण्याचे पाइप, कुणाच्या एसीचं बाहेरचं युनिट आणि कबुतरांची घरटी. तिथली हवा कोंडलेली असते. सकाळी सात ते नऊमध्ये खालच्या तीन मजल्यांवर तीन गिझर चालू असतील, तर चौथ्या मजल्यावरची उघडी खिडकी त्यांचाच धूर आत घेते. शिवाय एका भोकाने हवा खेळत नाही. येणाऱ्या हवेला खालून वाट लागते आणि जाणारीला वरून. आपल्या बाथरूमला दगडी उंबरा असतो आणि पाणी बाहेर जाऊ नये म्हणून दार त्यावर घट्ट बसवलेलं असतं. खालची वाट आपण स्वतःच बुजवलेली आहे. एक्झॉस्ट पंख्याचंही तेच. आत येणाऱ्या हवेला जागाच नसेल, तर पंखा नुसता फिरतो.

आणि ती खिडकी उघडी राहतच नाही. डास येतात म्हणून जाळी लागते, जाळीवर साबणाचा आणि धुळीचा थर बसतो. पावसाळ्यात चार महिने झड आत येते. समोरच्या घरातून दिसतं म्हणून काचेला कागद चिकटवला जातो. उंदीर येतो म्हणून पट्ट्या कायमच्या बंद होतात. आणि जानेवारीत ओल्या अंगाला गार वारा झोंबतो, तेव्हा जो माणूस खिडकी ओढून घेतो तो बेफिकीर नसतो. त्याला थंडी वाजत असते, म्हणून तर तो गरम पाण्याने अंघोळ करतोय. ज्या नियमाचा भंग नेमका त्याची गरज असते तेव्हाच होणार, तो नियम सुरक्षेचा म्हणता येत नाही.

‘कडी लावू नका’ हा याच सल्ल्याचा धाकटा भाऊ. खारघर-कामोठ्यात कॉलेजसाठी आलेल्या चार-पाच मुली एक फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात. विजेच्या बिलावरून वाद नकोत म्हणून घरमालकाने गॅस गिझर बसवून दिलेला असतो. त्या मुलींनी कडी न लावता अंघोळ करायची? एकत्र कुटुंबातल्या नव्या सुनेने? जो कधी पाळलाच जाणार नाही असा उपाय सांगून आपण फक्त आपलं अंग काढून घेतो.

‘दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही’ हे वाक्य सांगणारा माणूस खरं बोलतो. पण दहा वर्षांपूर्वी त्याचा गिझर नवा होता. आता बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि कोळ्याची जाळी आहे, तांब्याच्या पंखांवर काजळी धरली आहे, टँकरच्या आणि बोअरच्या जड पाण्याने आतल्या नळीत क्षार साठले आहेत. ज्योत निळीची पिवळी झाली ती कुणी पाहिली नाही, कारण तिला झाकण असतं. त्या दहा वर्षांत खिडकीला स्लायडिंग काच बसली, मुलगी मोठी झाली, तिचे केस कमरेपर्यंत आले आणि अंघोळ पाच मिनिटांवरून वीस मिनिटांवर गेली. जे दहा वर्षं झालं नाही ते अकराव्या वर्षी व्हायला एवढं पुरे.

‘मग स्वयंपाकघरातली शेगडीही गॅसवरच जळते की,’ असाही एक युक्तिवाद होतो. जळते. पण शेगडीचा एक बर्नर तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस घेतो, गिझर पावणेआठशे. चार-पाच बर्नर पूर्ण मोठे करून कुणी स्वयंपाकघराला आतून कडी लावून बसत नाही.

‘आयएसआय मार्क आहे’ हे उत्तर जरा जास्त आदराने तपासायला हवं, कारण ते देणारा माणूस निदान काळजी घेणारा असतो. एलपीजीवरच्या घरगुती छोट्या गिझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे, आणि मार्क नसलेला गिझर कुणीही घेऊ नये. पण तो मार्क यंत्राचा आहे, तुमच्या बाथरूमचा नाही. भरपूर हवेत नीट जळणारा बर्नर चार बाय पाचच्या खोलीतही तसाच जळेल, अशी हमी त्यात नाही. कित्येक गिझरच्या माहितीपत्रकांत हा गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा असं स्वच्छ लिहिलेलं असतं. ते पत्रक खोक्यासकट भंगारात जातं. तीच गत ‘वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो’ या सोयीची. वर हिशेब केला तो चार मिनिटांचा होता. आणि नळ बंद करून पुन्हा उघडला की वीस मिनिटं नव्याने सुरू होतात. ज्योत विझल्यास गॅस तोडणारी यंत्रणा चांगलीच, पण इथे ज्योत विझतच नाही.

ज्या देशांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला, त्यांनी त्याचं उत्तर खिडकीवर सोडलेलं नाही. ब्रिटनच्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये गॅसचं उपकरण बसवायचं असेल तर ते हवाबंद प्रकारचंच लागतं, म्हणजे जळायला लागणारी हवा बाहेरून घेणारं आणि धूर बाहेरच सोडणारं. चीनने खोलीतच धूर सोडणाऱ्या गिझरचं उत्पादन १९९९ मध्ये बंद केलं आणि २००० मध्ये विक्रीही थांबवली. आपल्या दुकानांत मात्र तोच, धुराड्याविना खोलीत धूर सोडणारा गिझर सर्रास मिळतो, आणि ‘बाथरूममध्ये लावायला सुटसुटीत’ म्हणून मिळतो.

खरं तर हे शहाणपण रायगड जिल्ह्याला नवं नव्हतं. जुन्या घरांत अंघोळीचं पाणी मागील दारी चुलीवर तापायचं, नाहीतर अंगणात बंब पेटायचा. धूर डोळ्यांत जायचा म्हणून आग बाहेर असायची. गॅसला धूर दिसत नाही, एवढ्याच कारणावरून आपण आग घरातल्या सगळ्यात लहान खोलीत आणून भिंतीला टांगली आणि त्या खोलीला आतून कडी लावली.

मी गॅस गिझरच्या विरोधात नाही. पंधरा लिटरची बादली २० अंशांनी तापवायला सुमारे ३२ ग्रॅम गॅस लागतो, १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये अशा चारशेहून जास्त बादल्या होतात. तेच पाणी विजेवर तापवायला साधारण ०.४ युनिट. आपापल्या बिलातला दर घालून पाहा, गॅस बहुतेकांना स्वस्त पडेल. वीज गेली तरी तो चालतो. या सोयी खऱ्या आहेत आणि चार माणसांच्या घरात त्यांना किंमत आहे. गिझर भिंतीच्या पलीकडे नेल्याने त्यातली एकही सोय जात नाही.

‘पाइप लांब झाला की पाणी गार होतं’ ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकली आहे, आणि ती मोजून बघितली की उरत नाही. अर्ध्या इंची पाइपमध्ये मीटरमागे पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं. पाच मीटर लांबीत एक लिटरसुद्धा नाही. नळ उघडल्यावर गार येतं ते एवढंच. ते बादलीत धरा, पाण्याची टंचाई असलेल्या गावात ते फुकट घालवायचं कारणही नाही. पाइपवर फोमचं वेष्टण चढवलं तर उष्णताही टिकते. चार-पाच मीटर गरम पाण्याचा पाइप, दोन-तीन एल्बो, भिंतीला एक भोक आणि प्लंबरची एका दिवसाची मजुरी, हा सगळा खर्च.

पण ‘बाहेर’ म्हणजे कुठे, यावरही भांडायला हवं, कारण पनवेलमध्ये बाहेरचं आत करून टाकायची सवय आहे. ड्राय बाल्कनी ही योग्य जागा, जोवर ती बाल्कनी आहे तोवर. ग्रिलला आतून स्लायडिंग काच बसवली आणि वरून शेड टाकली की ती खोलीच झाली, आणि तिचं दार स्वयंपाकघरात उघडतं. काच लावलेल्या बाल्कनीत गिझर लावणं म्हणजे बाथरूममधला धोका स्वयंपाकघरात नेणं. निदान एक बाजू कायमची, काचेविना, उघडी हवी. डक्टमध्ये तर मुळीच नको. आपलं बाथरूम वाचवून वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या खिडकीत धूर सोडण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि म्हणूनच ‘घरातल्या गोष्टीत सोसायटी पडत नाही’ हे उत्तरही टिकत नाही. डक्ट सोसायटीची आहे. धूर जिथे बाहेर पडतो त्याच्या लगेच वर किंवा शेजारी कुणाची झोपायची खिडकी नसावी.

आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्या बाजूला तोंड करून गिझर लावला तर ज्योत फडफडेल, विझेल, पत्रा गंजेल. आडोशाची भिंत निवडा, वर छोटा छज्जा द्या, पण गिझरला चारी बाजूंनी पेटीत कोंडू नका. सिलिंडर उभाच ठेवायचा, जमिनीच्या पातळीवर, गिझरच्या थेट खाली नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो आणि उताराने वाहतो, म्हणून शेजारी गटाराची जाळी किंवा खड्डा नको. महानगर गॅसची पाइपलाइन ज्यांच्याकडे आली आहे त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. पाइपमधला नैसर्गिक वायू वेगळा आहे, त्याचा दाबही वेगळा. एलपीजीचा गिझर त्यावर तसाच जोडायचा नसतो आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून जेट ड्रिलने मोठी करून घ्यायची तर अजिबात नसते. गॅस कंपनीच्या माणसाशिवाय त्याला हात लावू देऊ नका.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना टाकी डोक्यावरच असल्याने पाण्याचा दाब कमी मिळतो. तिथे गिझर मध्येच विझतो, पुन्हा पेटतो. खरेदीआधी हा दाब तपासून घ्या. आणि जिथे बाहेर जागाच नाही, ना बाल्कनी ना उघडी भिंत, तिथे विजेचा गिझर लावा. गॅसच पाहिजे असेल तर हवा बाहेरून घेणारा आणि धूर पाइपने बाहेर सोडणारा हवाबंद प्रकारच घ्या. तो महाग आहे. त्याला स्वस्त पर्याय म्हणून साधा गिझर आत लावणं हा पर्यायच नाही.

या सगळ्यात बिल्डर सुटतो, तो सुटू नये. नव्या इमारतींचे नकाशे बघा. मॉड्युलर किचन, व्हिडिओ डोअर फोन, सगळं आहे. पण ड्राय बाल्कनीतून बाथरूमपर्यंत गरम पाण्याचा एक पाइप भिंतीत आधीच टाकून ठेवलेला क्वचितच दिसतो. बांधकामाच्या वेळी त्याचा खर्च नगण्य असतो, नंतर टाइल्स फोडायच्या म्हटलं की मालक कच खातो आणि गिझर आत जातो. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ पासून आहे. भोगवटा प्रमाणपत्र देताना हा एक पाइप तपासण्यासाठी तिने पुढाकार घ्यावा. भाड्याच्या घरांच्या करारात भिंतीला खिळा मारू नये हे लिहिलेलं असतं. बाथरूममध्ये गॅस गिझर नाही, हेही लिहून घ्यायला भाडेकरूंनी सुरुवात करावी.

आणि कुणी आत पडलेलं सापडलंच, तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला लगेच उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघर आहे, पण इथे त्यावर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, आणि मरणाऱ्या माणसाच्या बोटावरही तो ९८ दाखवू शकतो. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर सुमारे दीड तास. रुग्ण उठून बसला, बोलू लागला, तरी घरी आणायची घाई करू नका. स्मृती आणि चालणं यांवरचे परिणाम काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

तुमच्या घरात गॅस गिझर बाथरूमच्या भिंतीवर असेल तर आजच त्याचा कॉक बंद करा. प्लंबर येईपर्यंत पाणी शेगडीवर तापवून बादलीत ओता. प्लंबर आला आणि म्हणाला की ‘खिडकी आहे ना, राहू द्या इथेच,’ तर त्याला परत पाठवा आणि दुसरा बोलवा.